धुण्याआधी बघा

गिअरबॉक्स फुटला म्हणजे आत एकच वस्तू तुटली, असं क्वचितच होतं. झाकण उघडलं की तळाला काळ्या तेलात दात्यांचे तुकडे, बेअरिंगचे सुटे रोलर, रोलर धरून ठेवणारी चुरगळलेली जाळी, फाटलेला शिम (पातळ पत्र्याची चकती) असं सगळं एकत्र पडलेलं दिसतं. बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती सर्वांत जास्त चेंदामेंदा झालेल्या भागाकडे, आणि ‘हाच गेला’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. बंद पेटीत फिरणाऱ्या यंत्रात पहिला तुकडा सुटला की त्याला बाहेर पडायला वाटच नसते. पुढच्या फेरीत तो दोन दात्यांच्या मध्ये येतो, ते दाते फोडतो, मग त्यांचे तुकडे आणखी दाते फोडतात. शेवटी जे सर्वांत वाईट अवस्थेत सापडतं, ते बहुधा सर्वांत जास्त मार खाल्लेलं असतं. मारणारा वेगळाच असतो, आणि तो अनेकदा जवळजवळ साबूत दिसतो.

हे कळणं पैशाचं काम आहे. तुटलेले दाते बदलले आणि ज्याच्यामुळे ते तुटले तो भाग तसाच ठेवला, तर नवे दातेही त्याच वाटेने जाणार. उदगीर, देवणी, जळकोट या पट्ट्यातल्या कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजात विचारा, एकाच रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खोलायला आलेला माणूस भेटतोच.

या प्रकरणासाठी मी रोटाव्हेटरच घेतलाय. त्याचा गिअरबॉक्स साधा आहे, भाग मोजके आहेत, आणि इथल्या शेतात त्याच्यावर येणारा भार इतका कठोर आहे की सगळे रोग त्याच्यात बघायला मिळतात. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओपासून, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या टोकापासून, मिनिटाला ५४० फेरे घेत एक शाफ्ट येतो. वरच्या पेटीत पिनियन आणि क्राऊन ही तिरप्या दात्यांची जोडी हे फिरणं काटकोनात वळवते आणि वेग कमी करते. तिथून बाजूच्या पेटीतल्या साखळीने किंवा गिअरांनी ते खालच्या रोटरला मिळतं आणि पाती साधारण दोनशे फेऱ्यांच्या आसपास माती उचकटत जातात. पिनियनला दोन टेपर बेअरिंगचा आधार असतो, बाहेर ऑइल सील, वर हवा ये-जा करण्यासाठी ब्रीदर, आणि तळाला तेल काढायचा नट. एवढाच पसारा.

सोयाबीन निघालं की हरभऱ्याची घाई सुरू होते. वाफसा यायच्या आत रान तयार करायचा मोह होतो, आणि ओली काळी माती पात्यांना चिकटून भार दुप्पट करते. त्यात सोयाबीनचं काड, तुऱ्हाटीचे बुडखे आणि बांधाकडेला उघडे पडलेले गोटे. देवणी बैलांच्या वखराला गोटा लागला तर बैल थांबायचे. ट्रॅक्टर थांबत नाही. म्हणून पीटीओ शाफ्टवर एक मऊ बोल्ट किंवा घसरणारा क्लच मुद्दाम बसवलेला असतो. मोडायचंच असेल तर तो मोडावा, बाकी सगळं वाचावं, यासाठी.

देगलूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात अशीच एक पेटी खोलली जात होती तेव्हा मी तिथे होतो. क्राऊनचे लागोपाठचे तीन दाते बुडापासून गेलेले, पिनियनची टोकं ठेचलेली. मालक साठीतले शेतकरी होते.

“दगड लागला बगा मिस्त्री, दुसरं काय असणार हाय?”

मिस्त्रीने तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. “काका, माल कच्चा हाय ह्याचा. दाणे बगा की.”

दोघांचं म्हणणं त्यांच्या जागी समजण्यासारखं होतं आणि दोन्ही निदानं तपासता येण्यासारखी होती. तेवढ्यात मदतीला असलेल्या पोराने डिझेलचं घमेलं पुढे ओढलं आणि क्राऊन त्यात बुडवायला उचलला. मिस्त्रीने त्याचा हात धरला. मला त्या दिवशीचं सर्वांत शहाणं काम तेच वाटतं.

डिझेलने धुतलं की भाग चकचकीत होतो आणि पुरावा घमेल्याच्या तळाशी जातो. कुठल्या तुकड्यावर जुनं तेल जळून काळं झालं होतं, कुठल्या भेगेत गंज होता, सीलजवळ माती आतून चिकटली होती की बाहेरून, हे सगळं धुण्याआधीच बघायचं असतं. मोबाइलने फोटो काढायचे, बाहेरून आत जायचं, आणि एकही तुकडा टाकायचा नाही. तेल काढतानाही ते थेट गटारात सोडायचं नाही. पांढऱ्या कपड्यावरून स्वच्छ डब्यात घ्यायचं.

बाहेरून आत जायचं म्हणतो, कारण पुष्कळदा आधी बिघडलेली गोष्ट पेटीच्या आत नसतेच. पीटीओ शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणारे दोन नळ. रोटाव्हेटर वर उचलला की ते आत सरकतात. नवा शाफ्ट घेताना तो त्या ट्रॅक्टरच्या मापाने कापून घ्यावा लागतो, आणि पुष्कळ जण तो कापत नाहीत. मग उचलताना नळ आतून टेकतो आणि सगळा जोर पिनियनच्या शाफ्टवर सरळ लांबीत येतो. टेपर बेअरिंगचे रोलर कपात, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात, दाबून रुततात. पुढे महिन्याभराने दाता तुटतो आणि दोष गिअरला मिळतो. म्हणून आधी दोन्ही नळ वेगळे करून त्यांची टोकं बघायची. टोक ठेचून चमकत असेल, आतला नळ तळाशी जिथे टेकतो तिथे ताजी खूण असेल, तर गिअर बघायच्या आधीच निम्मं उत्तर मिळालं.

मग बोल्ट. कंपनीने सांगितलेला मऊ बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी कडक हायटेन्शनचा बोल्ट घालण्याची सवय सगळीकडे आहे. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचायचा. ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल आणि पुस्तिकेत त्याहून खालचा ग्रेड लिहिला असेल, तर रक्षणासाठी ठेवलेली वस्तूच काढून टाकली होती. अशा यंत्रात दगडाने गिअर तुटला हे म्हणणं पटतं. काकांच्या यंत्रात मात्र बोल्ट योग्य ग्रेडचा होता आणि साबूत होता. दाते तुटण्याइतका दगड लागला असता, तर हा बोल्ट आधी गेला असता. दगडाच्या निदानावर शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं.

त्यानंतर ब्रीदर. बोटभर उंचीची ही वस्तू कुणी बघत नाही. काम करताना पेटी तापते, आतली हवा फुगते आणि या भोकातून बाहेर जाते. गार झाली की परत आत येते. भोक मातीने बुजलं तर तापलेली हवा सीलच्या ओठातून मार्ग काढते आणि सोबत तेल बाहेर टाकते. संध्याकाळी गरम पेटीवर पाइपने पाणी मारलं की आतली हवा एकदम आकसते, आणि ब्रीदर बंद असल्यामुळे सीलच्याच वाटेने पाणी आणि चिखल आत ओढला जातो. त्या पेटीवरचा ब्रीदर तेल आणि काळ्या मातीच्या वाळलेल्या थराखाली होता. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने तो उकरून काढला तेव्हा काकांना तिथे असं काही असतं हेच पहिल्यांदा कळलं.

डब्यातल्या तेलात चुंबक फिरवायचा. चुंबकाला जे चिकटतं ते पोलाद. जे तळाशी राहतं आणि बोटांत कचकचतं ती माती. हा भेद साधा आहे आणि मोलाचा आहे. मग चिकटलेल्याकडे नीट बघायचं. जाड, कोपरे असलेले तुकडे म्हणजे दाते फुटले, ते शेवटचं प्रकरण. पातळ, चमकणाऱ्या पापुद्र्या बेअरिंगच्या किंवा दात्यांच्या पृष्ठभागावरून सुटतात आणि त्या फुटण्याच्या कितीतरी आधीपासून तेलात पडत असतात. राखाडी गाळ असेल तर माती पोलाद घासत होती. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलं होतं. पिवळे कण असतील तर पितळी जाळी किंवा बूश झिजला. काकांच्या डब्यात राखाडी गाळ होता आणि चुंबकाला न चिकटणारी कचकचही भरपूर होती.

आता तुकडे. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्या तपासातला सर्वांत बोलका भाग हाच आहे.

पोलाद दोन तऱ्हांनी तुटतं. एका घावात तुटलं तर तुटलेला चेहरा सगळीकडे सारखा दिसतो, खरबरीत, दाणेदार, उजेडात चमचमणारा. पण भार वारंवार येत-जात राहिला, आणि प्रत्येक वेळचा भार एका घावात तोडण्याइतका नसला, तर दात्याच्या बुडाशी, ताण येणाऱ्या बाजूला, आधी एक बारीक तडा पडतो. तो दिवसेंदिवस आत सरकतो. दाता उभाच असतो, काम करत असतो. काम थांबलं किंवा भार बदलला की तड्याच्या टोकाशी एक पुसट रेघ उमटते. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी हटत गेलं की काठावर जशा एकामागून एक रेघा राहतात, तशा या रेघा असतात, आणि त्यांची वळणं ज्या ठिकाणाकडे बोट दाखवतात तिथे तडा जन्मलेला असतो. उरलेलं पोलाद भार पेलेनासं झालं की एक दिवस दाता एका झटक्यात जातो. म्हणून अशा चेहऱ्यावर दोन प्रदेश असतात, एक गुळगुळीत आणि रेघांचा, दुसरा दाणेदार. दाणेदार भाग लहान असेल तर भार बेताचा होता आणि दाता खूप दिवस टिकून राहिला. तो मोठा असेल तर भारच जबर होता. रेघा नाहीत म्हणून तडा हळूहळू वाढलाच नाही, असं मात्र समजू नये. भार एकसारखा असेल तर त्या उमटत नाहीत, आणि वरून कडक केलेल्या पोलादात त्या फिक्या असतात. शेतीच्या यंत्राची कामं थांबून-थांबून चालतात, म्हणून इथे त्या बऱ्यापैकी दिसतात.

‘दाणे दिसतात म्हणजे माल कच्चा’ हे मिस्त्रीचं म्हणणं फार जुनं आहे, आणि मोठमोठ्या लोकांनी ते मानलं होतं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडला. गाड्या एकमेकींवर चढल्या, आग लागली, आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. त्यांत दक्षिण ध्रुवाकडच्या सफरी केलेला द्युमाँ द्युर्विल हा दर्यावर्दीही होता. त्या काळी बहुतेकांना वाटायचं की हादऱ्यांनी लोखंडाची जात बदलते आणि त्यात स्फटिक पडतात. स्कॉटलंडच्या रँकिन या अभियंत्याने तुटलेले आस तपासले आणि १८४३ मध्ये मांडलं की तडा बाहेरून, जिथे आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून, हळूहळू आत जातो. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका घावात न तुटणारं लोखंड कमी भाराच्या लाखो फेऱ्यांनी तुटतं. दाणे हे तुटण्याच्या शेवटच्या क्षणाचे असतात. चांगल्या मालातही ते दिसतात. माल खरोखर वाईट आहे का, हे ठरवायला कडकपणा मोजावा लागतो, वरचा साधारण मिलिमीटरभर कडक थर किती खोल आहे ते बघावं लागतं. नजरेने ते ठरत नाही.

काकांच्या क्राऊनच्या तीन दात्यांचे तुकडे मिस्त्रीने एका फळीवर मांडले. दोन चेहरे सगळीकडे सारखे दाणेदार, ताजे. तिसऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग गडद होता. तेल शिरून, दाबून घासून गुळगुळीत झालेला, आणि भिंगातून बघितलं तर बाहेरच्या टोकाच्या कोपऱ्याभोवती वळलेल्या रेघा. म्हणजे हा दाता कित्येक दिवस आधीपासून तडकलेला होता, आणि त्या भेगेत तेल येत-जात होतं. उरलेले दोन त्याच्या मागोमाग, त्याच दिवशी गेले. पहिला तुटलेला दाता कळला.

पण पहिला दाता कळणं आणि पहिला भाग कळणं यात अंतर आहे. तो दाता का तडकला, हे त्याला स्वतःला विचारून कळत नाही. त्यासाठी न तुटलेल्या दात्यांकडे जावं लागतं. तपासात साबूत दाते फार महत्त्वाचे असतात, आणि नेमके तेच कुणी बघत नाही. दोन दाते एकमेकांना जिथे टेकतात तिथे घासून एक चकाकणारा पट्टा तयार होतो. जोडी नीट बसली असेल तर तो दात्याच्या मधोमध असतो. पट्टा एका टोकाला सरकला असेल, आणि सगळ्या दात्यांवर सारखाच सरकला असेल, तर पिनियन आपल्या जागेवरून फार दिवसांपासून हललेली होती. फुटल्यानंतर हललेली असती, तर तो पट्टा तुटक, ओरखड्यांनी भरलेला आणि मोजक्या दात्यांवरच दिसला असता. काकांच्या क्राऊनवर पट्टा सर्व दात्यांवर बाहेरच्या टोकाला होता, आणि तडा जन्मला होता तोही बाहेरच्याच कोपऱ्यात.

पिनियन हलली कशी? तिच्या बेअरिंगने तिला सोडलं म्हणून. बेअरिंग बघताना एक पेच येतो. दात्याचे तुकडे बेअरिंगमधून गेले की तेही खराब होतं. मग आधी बेअरिंग गेलं की आधी दाता? इथे खुणांचा क्रम वाचायचा. तुकडा रोलरखाली चिरडला की कपावर खोल, तीक्ष्ण काठाचा खळगा पडतो. माती घासली की सगळा पृष्ठभाग एकसारखा, धुरकट, झिजलेला होतो आणि कप आणि कोन, म्हणजे आतलं कडं, यांच्यात प्ले (ढिलेपणा) येतो. एका जागी दोन्ही असतील तर कोण कोणावर आहे ते बघायचं. खळग्याचा काठ धारदार, ताजा असेल आणि भोवतीचा भाग आधीच झिजलेला असेल, तर झीज जुनी आणि खळगा नवा. काठ घासून बोथट झाला असेल, तर खळगा पडल्यावरही बेअरिंग खूप फिरलेलं आहे.

हीच पद्धत तुटलेल्या तुकड्यांनाही लावता येते. दोन तुकडे जोडून धरायचे आणि जोडावरून जाणारा एखादा ओरखडा शोधायचा. तो एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग गेला असेल, तर ओरखडा तुटण्याच्या आधीचा. जोडापाशी एकाच बाजूला थांबला असेल, तर तुटल्यानंतरचा. याला कसलंही यंत्र लागत नाही, फक्त तुकडे फेकलेले नसावे लागतात. मात्र दोन्ही चेहरे एकमेकांवर घासू नयेत, हलकेच जवळ आणावेत. घासले तर रेघा जातात.

रोलरच्या अंतराने पडलेले सारखे खळगे दिसले तर कहाणी वेगळी. तो एका जबर धक्क्याचा ठसा असतो. दगड, उंचावरून आदळणं, किंवा बसवताना हातोड्याने ठोकणं. शेवटचं कारण गॅरेजात ऐकायला कुणाला आवडत नाही, पण ते आहे. आणि निळसर पडलेलं पोलाद म्हणजे तिथे तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता पोचली होती. गवती पिवळा रंग असेल तर सव्वादोनशेच्या आसपास. तेल संपलं म्हणून तापलं, की जाळी तुटून रोलर अडकले म्हणून तापलं, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा तेलाची पातळी आणि सील यांच्याकडे जावं लागतं.

काकांचं पुढचं बेअरिंग निळं नव्हतं. कप धुरकट झिजलेला होता, हाताने हलवलं तरी कळेल इतका प्ले. त्या झिजेच्या वर तीन-चार ताजे खळगे होते. सीलचा ओठ कडक होऊन खाचलेला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त तेल असायला हवं, काळ्या मातीचा लेप होता. शाफ्टवर सील बसते तिथे नखाला लागेल अशी खाच पडली होती. आता साखळी जुळली. ब्रीदर बुजला. सीलमधून तेल बाहेर गेलं, माती आणि पाणी आत आलं. मातीने बेअरिंग घासलं. बेअरिंगने पिनियन सोडली, दात्यांचा संपर्क टोकाला गेला, आणि सगळ्या दात्याने वाटून घ्यायचा भार एका कोपऱ्यावर आला. तो कोपरा तडकला. बाकीचे दोन दाते आणि बेअरिंगवरचे खळगे शेवटच्या काही सेकंदांचे. त्या दिवशी दगड लागलाही असेल. तो लागला नसता तरी दाता त्याच आठवड्यात गेला असता, असं मला त्या गडद चेहऱ्यावरून वाटतं. तुटायला फार थोडं पोलाद उरलं होतं.

मिस्त्रीने क्राऊन-पिनियनबरोबर दोन्ही बेअरिंगं, सील आणि ब्रीदर लिहून दिलं, आणि शाफ्टवरच्या खाचेसाठी लेथवाल्याकडे चिठ्ठी. काका ब्रीदरची किंमत ऐकून गप्प झाले.

तुकडे जपून ठेवायचा आग्रह कुणाला अति वाटत असेल, तर उत्तर समुद्रातल्या दोन अपघातांकडे बघावं. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ तेलविहिरीवरून परतणारं एक सुपर प्युमा हेलिकॉप्टर पडलं आणि सोळा जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधलं एक ग्रहचक्र, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या गिअरांपैकी एक, तडकून फुटलं होतं. अपघाताच्या आठवडाभर आधी त्या गिअरबॉक्सच्या चुंबकावर धातूचा एक कण सापडला होता. तो कुठून आला, याचा अर्थ तेव्हा बरोबर लागला नाही. आणि अपघातानंतर फुटलेल्या चक्राचे सगळे तुकडे मिळाले नाहीत, त्यामुळे तडा नेमका कशाने सुरू झाला हे पक्कं सांगता आलं नाही.

सात वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ ला, नॉर्वेत गुलफाक्स तेलक्षेत्रावरून बर्गेनकडे येणाऱ्या त्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा पंखा हवेतच सुटला. तुरॉय बेटाजवळ तेरा जण मेले. या वेळी तपासणाऱ्यांनी समुद्रतळावर चुंबक फिरवून तुकडे शोधले. निम्मं ग्रहचक्र हाती आलं आणि त्याच्या चेहऱ्यावर उत्तर होतं. आतल्या बेअरिंगच्या पृष्ठभागावर एक अगदी बारीक खळगा, तिथून पृष्ठभागाखालून सरकत गेलेला तडा. तो आत-आत वाढला म्हणून पापुद्र्या फार थोड्या सुटल्या, आणि चुंबकावर बसवलेली सूचनायंत्रणा गप्प राहिली. २०१८ च्या अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे. तो गिअरबॉक्स २०१५ मध्ये ट्रकने नेताना रस्त्यावरच्या अपघातात सापडला होता, आणि तपासून, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला होता. तपासणाऱ्यांनी त्या अपघाताला कारण ठरवलं नाही, कारण तसा पुरावा हाती नव्हता. मला त्या अहवालातली ही शिस्त फार आवडते. संशय येणं आणि सिद्ध होणं यांतलं अंतर त्यांनी तेरा मृत्यूंच्या दबावाखालीही पुसू दिलं नाही.

सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याकडे साक्रीच्या माळावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या पोटातही असेच गिअरबॉक्स असतात, आणि ते खाली आणायला क्रेन लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने अशा बिघाडांच्या नोंदी गोळा केल्या तेव्हा त्यांतले बहुसंख्य गिअरच्या दात्यांत नव्हते, बेअरिंगमध्ये होते. उदगीरच्या पेटीत जे दिसलं त्याच्याशी हे जुळतं. दाते आवाज करून जातात. बेअरिंग खूप आधीपासून जात असतं.

प्रत्येक पेटीत एवढी स्वच्छ कहाणी सापडेलच असं नाही. दाता फुटल्यावरही कुणी यंत्र ओढत नेलं असेल, तर सगळे चेहरे एकमेकांवर घासून सपाट होतात आणि रेघा पुसल्या जातात. पाण्यात, पावसात तुकडे दोन दिवस पडले तर ताज्या चेहऱ्यावरही गंज चढतो आणि तो जुन्यासारखा दिसू लागतो. अशा वेळी सगळ्यांत जुनी खूण कोणती एवढंच सांगता येतं, आणि तेवढंच सांगावं. खात्री नसेल तेव्हा सील, बेअरिंग, ब्रीदर तिन्ही बदलून टाकणं स्वस्त पडतं. क्राऊन-पिनियनच्या जोडीसमोर त्यांची किंमत काहीच नाही. आणि क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलायचे. जुन्या पिनियनच्या झिजलेल्या दात्यांना नवा क्राऊन लावला, तर संपर्काचा पट्टा पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी बसतो.

पेटी बंद करण्याआधी दोन-चार दात्यांवर निळा रंग किंवा तेलात कालवलेला शेंदूर लावून हाताने फिरवून बघावं. पट्टा मधोमध येत नसेल तर शिम कमी-जास्त करावेत. तेल पुस्तिकेत सांगितलेलंच, पातळीच्या नटापर्यंत. मग आठ-दहा तास हलकं काम करून तेल पुन्हा पांढऱ्या कपड्यातून काढून बघावं, चुंबक फिरवावा. नव्या गिअरांची थोडी बारीक, मऊ, राखाडी भुकटी येणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण त्या भुकटीत चमकणारी पापुद्री दिसली किंवा बोटांना कचकच लागली, तर तेल बदलून पुढे जाऊ नये, पेटी त्याच दिवशी परत खोलावी. हरभरा चार दिवस उशिरा पेरला तरी चालतो.